वर्ध्यातला समुद्र आणि त्यातले शेवाळ

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले. तिथे रस्ता ओलांडला की समुद्र. वर्धा, पुलगाव, आर्वी किंवा हिंगणघाटला घरात क्लाउनफिश पाळणाऱ्याला मात्र समुद्र बादलीत तयार करावा लागतो. पाणी इथले, मीठ पाकिटातले. मीठ घेताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, पाणी मात्र नळाखाली बादली लावून घेतो. मग दोन-तीन महिन्यांत काच तपकिरी होते, दगडांवर हिरवे केस उगवतात, वाळूवर लाल साय धरते आणि दुकानात औषधाच्या बाटलीची विचारणा सुरू होते. वर्धा जिल्ह्यात खाऱ्या टँकमधल्या शेवाळाचा शोध आधी बोअरपाशी आणि नळापाशी घेतला पाहिजे, टँकपाशी त्यानंतर यावे, असे माझे ठाम मत आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचा प्रश्न गंभीर असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांची नावे दिली आहेत. त्यांतले सात महाराष्ट्रातले: वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, जळगाव, बीड आणि नांदेड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. हे नायट्रेट येते कुठून, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कपाशीला टाकलेल्या युरियातला जो नत्र पिकाच्या मुळांना सापडत नाही, तो पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. गोठे, उकिरडे आणि शोषखड्डे त्यात भर घालतात. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर सरळ विहिरीत उतरते. पाणी उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्यात नायट्रेट आणखी दाट होते. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर यांपैकी कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही.

शेतात नत्र, स्फुरद आणि पालाश ही जी तीन नावे खताच्या गोणीवर असतात, त्यांतली पहिली दोन शेवाळाचेही मुख्य अन्न आहेत. टँकमध्ये नत्र नायट्रेटच्या रूपात असतो, स्फुरद फॉस्फेटच्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे चक्र प्रत्येक टँकमध्ये चालतेच. वर्ध्यात त्याच्या जोडीला बाहेरून, रोज, आपल्या हाताने ओतलेले नायट्रेट असते.

ते किती होते, याचा हिशोब करून पाहू. टँक २०० लिटरचा आहे. एप्रिल-मे महिन्यात, पाणी गार राहावे म्हणून वर पंखा लावला असेल, तर दिवसाला ३ लिटर पाणी सहज उडते. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, त्यातले क्षार टँकमध्येच राहतात. पातळी भरून काढायला बोअरचे पाणी घातले आणि त्यात लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट असले, तर दिवसाला १८० मिलिग्रॅम नायट्रेट टँकमध्ये गेले. म्हणजे प्रत्येक लिटरमागे ०.९ मिलिग्रॅम. महिन्याभरात २७. माशांना खाद्याचा एक कणही न घालता ही वाढ झाली. उन्हाळा संपताना कूलरच्या ताट्यांवर पांढऱ्या क्षाराची जी खपली धरलेली दिसते, तीच गोष्ट टँकमध्येही घडत असते. फक्त ती पाण्यात विरघळलेली असल्याने डोळ्यांना दिसत नाही. आणि आपल्या पाण्यात नायट्रेट एकटे नसते. वर्ध्याची जमीन बेसॉल्टवर, काळ्या पाषाणावर आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते. तिच्यावर वाढणारे शेवाळ वेगळे, त्याकडे पुढे येतोच.

म्हणून पहिली खरेदी टेस्ट किटची. नायट्रेटची किट गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्याला चालते, तिने आधी बोअर, मग नळ, मग टँक असे तिन्ही पाणी तपासा. प्रयोगशाळेतून अहवाल आणला तर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून दिला आहे की ‘नायट्रेट-नत्र’ म्हणून, हे पाहायला विसरू नका. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणले की पहिला मिळतो. आणि इथे माशांपलीकडचे एक सांगणे आहे. बोअरच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर निघाले आणि घरात तान्हे बाळ असेल, तर ते पाणी बाळाच्या दुधाच्या पावडरीत वापरू नका आणि लगेच सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेटमुळे सहा महिन्यांखालच्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. टँकच्या निमित्ताने ही तपासणी झाली तर छंदाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

वर्धा शहराला नळाने धाम नदीचे पाणी मिळते. ते बहुतेक बोअरपेक्षा बरे असते, तरी त्यात क्लोरीन असतेच आणि क्षारही असतात. खाऱ्या टँकसाठी पाणी आरओ पडद्यातून आणि त्यानंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून गाळलेले हवे. आरओचा पडदा बहुतेक क्षार अडवतो, पण नायट्रेट त्यातून इतरांपेक्षा थोडे अधिक निसटते. उरलेले रेझिन पकडते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. ते गाळलेल्या पाण्यात मुद्दाम काही कच्चे पाणी किंवा क्षार परत मिसळते, कारण माणसाला चवीसाठी ते हवे असते. टँकला ते नको. हीच अडचण बाजारातल्या वीस लिटरच्या जारची. मीटर बुडवून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. आरओमधून वाया जाणारे पाणी शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट निघते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे. ते साठवून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. जुलै-ऑगस्टमध्ये स्वच्छ स्लॅबवरचे पावसाचे पाणी, पहिले दोन-चार पाऊस सोडून, रेझिनमधून गाळून घेतले तर रेझिन फार दिवस पुरते. टिनाच्या पत्र्यावरचे मात्र घेऊ नका, त्यात जस्त उतरते आणि जस्त गोगलगायींना, खेकड्यांना विष आहे.

मिठाबद्दल थोडक्यात. खडे मीठ किंवा घरातले आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे ठरलेल्या प्रमाणात असतात. ते सर्व असलेले सागरी मिश्रणच घ्यावे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे २५ अंश तापमानाला विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

आता टँककडे वळू. शेवाळावर इलाज करण्याआधी त्याचे नाव कळले पाहिजे, आणि ते रंगावरून कळत नाही. तपकिरी-लालसर दिसणाऱ्या तीन गोष्टी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की एकीचे औषध दुसरीचे खाद्य ठरते. रंग बाजूला ठेवून बोटाने चोळून पाहा, वास घ्या आणि घड्याळ पाहा.

नवीन टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि वाळूवर पिठासारखी तपकिरी धूळ बसते. बोट फिरवले की सहज पुसली जाते, बोटाला किंचित खरखर जाणवते, वास नसतो, बुडबुडे नसतात. हे डायटम. या एकपेशीय जिवांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असते. पाण्यातली सिलिका संपली की त्यांची वाढ थांबते. शुद्ध पाण्याने भरलेल्या टँकमध्ये डायटम काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, काही करावे लागत नाही. सहा महिन्यांच्या टँकमध्येही ते पुनःपुन्हा येत असतील, तर सिलिका कुठून तरी रोज आत येते आहे. वर्ध्यात तिचा मार्ग बहुधा एकच, वरून घातले जाणारे पाणी. रेझिन संपले असेल. सिलिका विद्युतभार फारसा दाखवत नाही, त्यामुळे टीडीएस मीटर शून्य दाखवत असतानाही ती रेझिनमधून सर्वांत आधी निसटायला लागते. अशा वेळी मीटरवर विसंबू नका, रेझिन बदला.

दुसरी गोष्ट, वाळूवर पसरलेली लालसर, जांभळट, कधी काळपट हिरवी साय. तिचा कोपरा नळीने ओढला की ती पापुद्र्यासारखी अख्खी निघते. तिच्याखाली प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले असतात. बाहेर काढून वास घेतला तर कुबट, डबक्यासारखा दर्प येतो. हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. भंडारा-गोंदियाचे धान उत्पादक नील-हरित शेवाळ म्हणून जे जिवाणू खत ओळखतात, त्याच कुळातले. या कुळातल्या अनेक जाती हवेतून विरघळलेला नत्र स्वतः बांधून घेतात. म्हणून नायट्रेट शून्य करूनही साय हटत नाही, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. तिला हवे असते ते संथ पाणी, वाळूत साठलेला गाळ आणि फॉस्फेट. वीज जाऊन पंप तासन् तास बंद राहण्याचे दिवस आले की चार-आठ दिवसांत ही साय दिसू लागते. उपाय साधा पण चिकाटीचा: रोज नळीने ओढून काढणे, त्या कोपऱ्याकडे पाण्याचा झोत वळवणे, खाद्य कमी करणे, वाळूचा वरचा थर गाळमुक्त ठेवणे. तीन दिवस टँक पूर्ण झाकून अंधार केला तर साय विरते. मूळ कारण तसेच ठेवले तर परत येते. एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक टाकून ती झपाट्याने मरते, हे खरे. मी ते सुचवणार नाही. नायट्रेटचे चक्र चालवणारे जिवाणूही त्यात धोक्यात येतात, आणि ते पाणी शेवटी गावाच्या नालीत जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आणि सर्वांत वाईट. तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे दगडांवरून लोंबतात, प्रत्येक धाग्याच्या टोकाला बुडबुडा. सकाळी दिवा लागतो तेव्हा टँक बऱ्यापैकी स्वच्छ असतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतो. गोगलगायी सुस्त होऊन उलट्या पडतात, मरतात. हे डायनोफ्लॅजेलेट, पाळणारे त्यांना डायनो म्हणतात. घरच्या घरी त्यांची एक परीक्षा होते. थोडे धागे टँकच्याच पाण्यासह छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवून पूर्ण मोडा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवा. पाण्यात पुन्हा धागे, गुठळ्या जमल्या तर डायनो. डायटम किंवा सायनो असे परत एकत्र येत नाहीत.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. ४०० पट मोठे दाखवणारे साधे विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक पुरते. वर्धा, आर्वी, हिंगणघाटच्या विज्ञान महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती केली तर काचपट्टी पाहायला मिळू शकते, आणि विद्यार्थ्यांनाही ती पाहण्याजोगी असते. डायटम होडीच्या किंवा आयताच्या आकाराचे, कोरीव कवचाचे, सरळ रेषेत हळू सरकणारे. सायनो म्हणजे नाणी रचल्यासारख्या पेशींचे बारीक तंतू, कधी सावकाश डोलणारे. ऑस्ट्रिऑप्सिस हा डायनो थेंबाच्या आकाराचा, टोकाशी बांधल्यासारखा जागच्या जागी गरगरतो. ॲम्फिडिनियम लंबगोल, एका बाजूला छोटी चोच असलेला, इकडे तिकडे मोकळा फिरतो. हा भेद जाणून घ्यायचा तो उपायासाठी. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला निघतो, म्हणून टँकच्या पाण्यातून फिरणारा अतिनील दिवा त्याला मारतो. ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही. त्याच्यावर तो दिवा लावून काही होत नाही. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जातींचे विष माणसालाही बाधते, तेव्हा हातमोजे घाला आणि धागे कधी सुकवून, घासून काढू नका.

आता मुख्य मुद्दा. डायनो भरपूर खत असलेल्या टँकमध्ये क्वचित फोफावतात. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणले, इतर शेवाळ आणि जिवाणू उपाशी मेले, की मोकळ्या झालेल्या जागेवर ते पसरतात. त्यामुळे तपकिरी दिसले म्हणून पाणी बदलणे, फॉस्फेट शोषणारी भुकटी वाढवणे, खाद्य तोडणे हे सगळे डायनोंना सोयीचे ठरते. इथे उलटे करायचे. फॉस्फेट काढणारी साधने थांबवा, खाद्य थोडे वाढवा, नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आणि फॉस्फेट ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास येऊ द्या आणि इतर जिवांना परत उभे राहू द्या. त्याला आठवडे लागतात. नायट्रेट वाढवायचे म्हणून कोणी बोअरचे पाणी ओतू नये. त्याबरोबर काय काय आत येईल याचा नेम नाही.

हिरव्या शेवाळांची कथा त्या मानाने सरळ आहे. दगडावर मऊ, बोटाने उपटता येणारे हिरवे केस बहुधा डर्बेशिया किंवा क्लॅडोफोराचे असतात. हे खरोखर खतावर वाढतात. नायट्रेटची किट शून्य दाखवते आणि केस मात्र बोटभर लांब, असे दिसले तर किटला दोष देऊ नका. पाण्यात येणारे सगळे नायट्रेट शेवाळच खाऊन टाकते आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांमध्ये नत्र आणि स्फुरद जवळपास ठरलेल्या प्रमाणात असतात. स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ असे ते आज मांडले जाते. म्हणजे स्फुरद अगदी थोडे लागते आणि थोडे काढले तरी वाढीला मोठा लगाम बसतो. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात, ते पिशवीत घालून झोतात ठेवावेत, पण निम्म्या मात्रेने सुरुवात करून. जुन्या दगडांत मुरलेले फॉस्फेट आठवडे-महिने पाझरत राहते, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही तर धीर सोडू नये. गोठवलेल्या कोळंबीचे पाणी टँकमध्ये ओतू नका, ती चाळणीत धुऊन घ्या. फॉस्फेटची मोठी आवक तिथूनही होते.

केसांमध्येच पिसासारखी, मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असलेली रचना दिसली तर तो ब्रायॉप्सिस. हा खत तोडूनही दाद देत नाही आणि गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. यावर बुरशीविरोधी औषध फ्लुकोनॅझोल लागू पडते. लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम हे प्रमाण जगभरच्या पाळणाऱ्यांत रूढ आहे. ओळख पक्की झाल्याशिवाय त्याकडे वळू नये. हिरव्या चकचकीत काचेच्या गोळ्यांसारखे दिसते ते व्हॅलोनिया. एक गोळी म्हणजे एकच पेशी, काही सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. डोळ्यांनी दिसणाऱ्या एकपेशीय जिवांतला हा फार मोठा नमुना आहे. गोळ्या टँकमध्ये फोडू नका. दगड बाहेर काढून, बुडाशी नख घालून अख्ख्या सोडवा. आणि दगडांवर गुलाबी-जांभळा, टणक, खरवडता न येणारा थर आला तर त्याला हात लावू नका. ते कोरॅलिन शेवाळ आहे, चुन्याचे कवच करणारे. ते जितके पसरेल तितकी केसाळ शेवाळाची जागा कमी होते.

नियंत्रणाचे जे सर्वसाधारण मार्ग आहेत, त्यांत हाताला पहिला मान द्यावा. उपटून बाहेर टाकलेल्या शेवाळाबरोबर त्याने खाल्लेले नत्र-स्फुरदही कायमचे बाहेर जाते. औषधाने मारलेले शेवाळ तिथेच कुजून ते परत पाण्यात सोडते. दिव्याला टायमर लावा, आठ तास पुष्कळ झाले. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन टँकवर पडत असेल तर जाड पडदा लावा. विदर्भातले ते ऊन एका तासात दिव्याच्या दिवसभराच्या हिशोबावर पाणी फिरवते आणि पाणी तापवते ते वेगळेच.

नायट्रेट फार वाढले असेल तर जिवाणूंना कार्बन पुरवण्याची पद्धत आहे. कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि पाण्यात फेस करून घाण बाहेर काढणाऱ्या प्रोटीन स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. परदेशी पुस्तकांत यासाठी व्होडका सांगितलेली आढळते. वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि तिची गरजही नाही. रंग-मसाला नसलेला स्वयंपाकाचा पांढरा व्हिनेगर तेच काम करतो. फार थोड्या थेंबांनी सुरुवात करून आठवड्याला वाढवत जायचे. स्किमर नसेल तर हा मार्ग घेऊ नये, कारण वाढलेले जिवाणू प्राणवायू खातात आणि पाणी दुधाळ होते.

मला वर्ध्यासाठी सर्वांत योग्य वाटते ती शेवाळाची चाळणी. स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही कल्पना विकसित केली. टँकच्या खाली किंवा बाजूला खरबरीत प्लास्टिकची जाळी उभी टांगायची, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवायचा आणि तिला जवळून लालसर तेज दिवा द्यायचा. शेवाळाला टँकपेक्षा तिथे अधिक सोयीचे होते, ते तिथे दाट उगवते, आणि आठवड्याला जाळी बाहेर काढून निम्मी खरवडून टाकली की नत्र-स्फुरद घराबाहेर. जाळी, छोटा पंप, दिवा, पाइप हे सगळे गावातल्या दुकानात मिळते, महागडी भुकटी पुनःपुन्हा मागवावी लागत नाही. दिवा रात्री चालवला तर खोलीही तापत नाही आणि टँकमधला रात्रीचा प्राणवायू टिकतो.

प्राणवायूची ही काळजी उन्हाळ्यात फार घ्यावी लागते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. खारे पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरते, तापल्यावर आणखी कमी. अशा दिवसांत शेवाळ एकदम मारले तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते आणि पहाटेपर्यंत मासे वर येऊन धापा टाकतात. म्हणून तीन दिवसांचा अंधार, फ्लुकोनॅझोल, व्हिनेगरची सुरुवात हे सर्व पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे. उन्हाळ्यात फक्त हाताने काढावे. पाणी २५ ते २७ अंशांत राखायला पंखा कोरड्या मे महिन्यात छान काम देतो, जुलैच्या दमट हवेत फारसे देत नाही; परवडत असेल तर चिलर घ्यावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र प्रत्येकाकडे असावा. वीज गेल्यावर मासे वाचतात ते त्यामुळेच.

शेवाळ खाणारे प्राणी आणायचे तर कायदा माहीत असावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये २००१ पासून दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि ट्रोकस, टर्बो यांतल्या काही मोठ्या गोगलगायी आहेत. ‘जिवंत दगड’ म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर घेऊ नका. कृत्रिम सच्छिद्र दगड सहा महिन्यांत तेवढेच जिवाणू धरतात. मासेही टँकमध्ये जन्मलेले घ्यावेत. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशचे प्रजनन सुरू झाले आहे, अशा ठिकाणच्या पिल्लांना तयार खाद्याची सवय असते आणि पाण्यात घाण कमी होते.

बदललेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न समुद्राकाठी पडत नाही, वर्ध्यात पडतो. २०० लिटरच्या टँकचे एक दशांश पाणी बदलले तर २० लिटर पाण्याबरोबर ७०० ग्रॅम मीठ बाहेर येते. ते अंगणातल्या झाडांना, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. सोडियमने काळ्या मातीची घडण मोडते, ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. पक्क्या नालीत, भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडा.

काढलेल्या शेवाळाचीही तशीच खबरदारी घ्यायची. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टँकमध्ये शोभेसाठी ठेवले जाणारे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरले. २००० साली ते कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडले, तेव्हा ताडपत्रीखाली झाकून, क्लोरीन सोडून ते संपवायला २००६ उजाडले. एका छोट्या तुकड्यापासून ते पुन्हा वाढते. आपल्या टँकमधले शेवाळ, गोगलगायी, नको झालेले मासे सुटीत कोकणात जाताना बरोबर नेऊन समुद्रात सोडू नका. शेवाळ गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि कचऱ्यात टाका. मासे नको असतील तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.